सरकारी आरोग्य केंद्रातलं लसीकरण: माझ्या मुलाचे सोळा महिने

आमच्या वस्तीत सरकारी आरोग्य केंद्र आहे. माझ्या मुलाचे सहा आठवड्यांपासून सोळा महिन्यांपर्यंतचे सगळे डोस तिथेच झाले. मी नागपुरात घरीच ब्लाऊज शिवते. दिवसाला दहा-बारा बाया येतात, त्यातल्या निम्म्या लहान लेकरांच्या आया. "तू कुठं नेऊन राहिली वो पोराले? खरंच द्याव का लस?" हे मला माप घेता घेता सारखं विचारलं जातं. प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढते. केंद्राचं आणि तिथल्या माणसांचं नाव लिहीत नाही, त्यांना मी विचारलेलं नाही. तुमच्या वस्तीत लसीचा दिवस कोणता, हे तुमच्या आशाताईंना विचारा, त्या सांगतील.

आधी गैरसोयी. बसायला दोनच बाकं. दहाला पोचलं तर पाऊण तास, अकरानंतर गेलं तर दीड तास धरून चाला. चिठ्ठीवर नंबर मिळतो, पण पुकारायला कोणी नसतं, आपलं आपणच लक्ष ठेवायचं. २०२२ च्या मे महिन्यात कूलर बंद होता. तीन महिन्यांचं लेकरू मांडीवर घेऊन भर उन्हाळ्यात तिथे बसणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना सांगायला नको. मी तक्रारवहीत लिहून आले होते. २०२३ च्या जूनमध्ये कूलर सुरू होता, त्यात पाणी नव्हतं. हात धुवायच्या नळाची तोटी अजून तशीच गळते. पैसे मात्र एक रुपयाही लागला नाही, एकदाही नाही.

आता सिस्टरांबद्दल. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हणूनच मी बसले आहे.

मुलगा फेब्रुवारी २०२२ चा. जन्माच्या वेळचे बीसीजी (क्षयाची लस), कावीळ ब आणि पोलिओचे थेंब हे डोस बाळंतपण झालं त्याच दवाखान्यात मिळाले. मार्चच्या शेवटी मी त्याला पहिल्यांदा इथे आणलं. एकाच दिवशी तोंडात दोन प्रकारचे डोस आणि तीन सुया, हे ऐकूनच माझे हात गार पडले. सिस्टरनी सुई काढायच्या आधी मला खुर्चीत बसवलं आणि एकेक करून सांगितलं. डाव्या मांडीत पेंटा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (लहान लेकरांना मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जंतू) या पाच गोष्टींपासून बचाव. उजव्या मांडीत न्यूमोनियाची. उजव्या दंडात पोलिओची बारीकशी. "ताई, पेंटाने आज रात्री ताप येईल, मांडी सुजेल, लेकरू चिडचिड करेल. घाबरायचं नाही. चोळायचं नाही, हळद लावायची नाही. वजन बघून औषधाचे थेंब लिहून देते तेवढेच द्यायचे. अंगावरचं दूध चालू ठेवायचं. तापात सुस्त पडला, दूधच घेईना, झटका आला, तर वाट न बघता दवाखाना." असं म्हणून चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि अर्धा तास बाहेर बसायला लावलं.

रात्री दोनला ताप आला. मांडीवर लिंबाएवढा कडक गोळा. सासूबाई रडायला लागल्या, मी ती चिठ्ठी काढली आणि त्यावर लिहिल्याप्रमाणे थेंब दिले. जे जे व्हायचं सांगितलं होतं ते ते तसंच होत होतं, म्हणून मला धीर राहिला. सकाळी आशाताईंचा फोन, "ताप आला का? किती?" माझा या लोकांवरचा विश्वास त्या रात्रीपासूनचा. त्रास होणार हे त्यांनी आधी सांगितलं, आणि त्रास झाल्यावर त्यांनीच विचारलं.

मे महिन्यात सासूबाई सोबत आल्या. त्यांना वेगळीच काळजी. "एवढ्या उन्हात औषध सडलं नसंन कशावरून?" मला वाटलं सिस्टर चिडतील, मागे रांग होती. त्यांनी निळ्या डब्याचं झाकण उघडलं, आतले बर्फाचे पॅक दाखवले आणि एक कुपी बोटात धरून खिडकीकडे वळवली. कुपीवर एक जांभळट गोल असतो आणि त्याच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस चांगली. ऊब लागत गेली की तो गडद होत जातो, आणि गोलाच्या रंगाला आला की ती कुपी वापरायची नाही. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते. मी रोज कापडाला दोरा जुळवते, उजेडात धरून एका छटेचा फरक ओळखणं हे माझं काम आहे. तो चौकोन गोलाहून स्पष्ट फिकट होता. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिला आणि मान हलवली.

सुईचंही तसंच. ब्लाऊजला मी मशीनमध्ये चौदा नंबरची सुई घालते, ही तिच्याहून बारीक. सिरिंज पाकीट फोडून आपल्यासमोर काढतात. टोचून झाल्यावर सिस्टरनी मला दांडा मागे ओढायला सांगितला. ओढला जात नाही, एकदा पूर्ण दाबला की तो अडकतो, म्हणजे दुसऱ्या लेकराला ती वापरताच येत नाही. मग कटरमध्ये कट्ट करून सुई तोडली. माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एका बाईला एकच सुई दोन लेकरांना वापरतात अशी शंका होती, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता जे लिहायला मला जड जातं ते. एवढं सगळं डोळ्यांनी पाहूनही नऊ महिन्यांचा डोस मी दोन महिने लांबवला.

नोव्हेंबरमध्ये गोवर-रुबेलाची लस द्यायची होती. त्याच आठवड्यात सासूबाईंच्या बचत गटाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एक पुरुष हिंदीत बोलतो, चेहरा दिसत नाही, खाली लाल अक्षरं पळतात. ही लस दिली की मुलगे पुढे बाप होऊ शकत नाहीत, मुलं मंद होतात, कोणालाही देऊ नका, दहा जणांना पाठवा. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्यात शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची मोहीम झाली होती ना, तेव्हाही माझ्या जाऊबाईंनी अशाच अफवेपायी मुलाला त्या दिवशी शाळेत पाठवलं नव्हतं. मला हे आठवत होतं, तरी पोटात गोळा आला. एकुलता एक मुलगा. सासूबाई म्हणाल्या, "थांब न जरा, काहून घाई करून राहिली?" आणि मी थांबले. डिसेंबरमध्ये त्याला सर्दी झाली, ते आणखी एक निमित्त मिळालं.

त्याच दिवसांत मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ सुरू होती. माझी नणंद तिथेच राहते. तिच्या शेजारच्या खोलीतली दीड वर्षाची मुलगी, लस न दिलेली. आधी ताप, डोळे लाल, मग कानामागून सुरू होऊन अंगभर पुरळ, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी छाती भरली. ऑक्सिजनवर होती. वाचली ती. नणंद फोनवर म्हणाली, "वहिनी, ते लेकरू श्वास घेतं तेव्हा बरगड्या आत जातात, मला पाहवत नाही." फोन ठेवल्यावर मी मुलाला पोटाशी धरून किती वेळ बसले होते, मला सांगता येणार नाही.

आशाताई या काळात तीनदा घरी येऊन गेल्या. एकदाही ओरडल्या नाहीत. तिसऱ्या वेळी म्हणाल्या, "मला नका सांगू, डॉक्टर मॅडमला विचारा. तो व्हिडिओ घेऊनच या." जानेवारीत आम्ही गेलो, सासूबाई, मी, आणि फोनमधला तो व्हिडिओ.

मॅडमनी तो शेवटपर्यंत पाहिला. मग सासूबाईंना विचारलं, "आजी, तुमचा मुलगा कोणत्या सालचा?" नव्वदचा. "त्याला लहानपणी गोवराची लस दिली होती?" दिली होती, नऊ महिन्यांचा असताना, सासूबाईंना ते दवाखान्यासकट आठवत होतं. "गोवराची लस आपल्या देशाच्या कार्यक्रमात १९८५ पासून आहे. तेव्हाची मुलं आज आईबाप आहेत. तुमचा मुलगाही आहे. रुबेलाची तेव्हा नव्हती, ती नंतर जोडली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. ती का जोडली ते ऐका." मग सांगितलं की रुबेला लेकराला तसा हलका जातो, पण पोटुशी बाईला सुरुवातीच्या महिन्यांत झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय खराब होऊ शकतात. म्हणजे ज्या लसीने वंश थांबतो असं व्हिडिओत म्हणतात, ती लस पुढच्या बाळांना सांभाळते.

मंद होण्याचंही मी विचारलं. त्या म्हणाल्या, १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या एका डॉक्टरने फक्त बारा मुलांवरून एका वैद्यकीय मासिकात लेख छापून गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लसीचा संबंध ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) जोडला होता. पुढे देशोदेशी लाखो मुलं तपासली, तसा संबंध सापडला नाही. २०१० मध्ये मासिकाने तो लेख मागे घेतला आणि तिथल्या वैद्यकीय परिषदेने त्या डॉक्टरचं नाव डॉक्टरांच्या यादीतून काढून टाकलं. "लेख गेला, भीती राहिली," एवढंच बोलून त्यांनी पुढचा कागद घेतला. किरकोळ सर्दीसाठी डोस थांबवायची गरज नसते, हेही तेव्हाच कळलं. गोवराचा एक रोगी, लस न घेतलेल्यांमध्ये, बारा ते अठरा जणांना तो देऊ शकतो, हेही.

सासूबाई गप्प होत्या. त्यांचा थोरला भाऊ भंडाऱ्याकडे आयुष्यभर एक पाय ओढत चालला, पोलिओने. म्हणून पोलिओच्या रविवारी नातवाला घेऊन बूथवर सगळ्यांत आधी त्याच उभ्या असतात. त्यांनी मॅडमना ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "आजी, २०११ नंतर आपल्या देशात मूळ (जंगली) विषाणूचा पोलिओ एकालाही झाला नाही. ते थेंब पाजणारे आम्हीच, हे टोचणारेही आम्हीच." सासूबाईंनी स्वतः नातवाची बाही वर केली.

त्या दिवशी गोवर-रुबेलाचं आमचं एकच लेकरू होतं. मला वाटलं, एकासाठी पाच-दहा जणांची कुपी कशी फोडतील, परत पाठवतील. सिस्टर म्हणाल्या, एका बाळासाठीही फोडायची. कुपीत पूड असते, तिच्यात सोबतचं पाणी घालून हलक्या हाताने फिरवली आणि पेनाने कुपीवर वेळ लिहिली, ११.१०. चार तासांनी उरलेली फेकून द्यायची. पोलिओच्या सुईचा तिसरा डोस त्याच महिन्यापासून नवीन सुरू झाला होता, तोही मिळाला, न्यूमोनियाचा बूस्टरही, आणि जीवनसत्त्व अ चं औषध चमच्याने. दोन महिने उशीर केला म्हणून कोणी एक शब्द लावून बोललं नाही. सिस्टरनी कार्डावर तारीख घातली आणि सोळा महिन्यांची पुढची तारीख पेन्सिलने लिहिली.

त्या व्हिडिओवाल्या माणसाला मी रात्री दोन वाजता काय विचारणार होते? त्याचं नाव कोणाला ठाऊक नाही, आणि माझ्या लेकराला गोवर झाला असता तर तो विचारायलाही आला नसता. सासूबाईंनी ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला, "आमच्या बबलूले दिली, बरा हाय, काही झालं नाही, भेवू नका." त्यानंतर गटातल्या तीन बाया आपापली लेकरं घेऊन गेल्या. एक अजून तयार नाही. तिच्याशी मी भांडत नाही, पुढच्या वेळी सोबत चल एवढंच म्हणते.

२०२३ च्या जूनमध्ये गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर झाला. आता तो पळतो, त्यामुळे धरून ठेवणं अवघड. सिस्टरनी त्याच्या हातात रिकामी खोकी दिली, तो ती रचत असताना टोचून मोकळ्या झाल्या. मांडी दोन दिवस दुखली, लंगडत चालला, तिसऱ्या दिवशी माझ्या मशीनखाली बॉबिन शोधत होता.

पाचपैकी गुण द्यायचे तर साडेचार. अर्धा कापला तो बाकांचा आणि कूलरचा, माणसांचा नाही. जाताना कार्ड न्या, मागचा ताप किती दिवस राहिला ते लिहून न्या, आणि मनात जे असेल ते विचारा, फोनवर जे आलं असेल तेही दाखवा. गर्दी कमी हवी असेल तर दहाच्या आत पोचा.

आमचा लसीचा पुढचा डोस तो पाच वर्षांचा झाल्यावर. कार्ड मी मापांच्या वहीत ठेवलंय, पहिल्याच पानाला टाचून.