बोस्टनला जाताना विमान कुठे बदलायचं: कुडाळहून सव्वा वर्षाचा अनुभव

माझी ताई बोस्टनला असते. ऑक्टोबर 2024 मध्ये तिच्या बाळंतपणासाठी मी आईला घेऊन पहिल्यांदा गेले. तेव्हापासून गेल्या डिसेंबरपर्यंत आमच्या घरातल्या कुणी ना कुणी दुबई, फ्रँकफर्ट, अबुधाबी आणि दोहा या चारही ठिकाणी विमान बदललं आहे. मुंबईहून बोस्टनला थेट विमान नाही, मध्ये उतरावंच लागतं. घरातली तिकिटं मीच काढते, त्यामुळे कुडाळ-सावंतवाडीतले ओळखीचे लोक मला विचारतात, "कुठून जायचं गो?" प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

आधी मुद्द्याचं. तिकिटाच्या साइटवर मुंबई ते बोस्टन असा प्रवास दिसतो आणि आपण दुबई बरी की दोहा याची तुलना करत बसतो. पण आपल्याकडच्या माणसाचं पहिलं कनेक्शन आखातात नसतं, ते घराच्या पायरीपासून मुंबईच्या विमानापर्यंत असतं. आणि तुटतं ते बहुतेक तेच. हे कळायला मला एक तिकीट बुडवावं लागलं.

पहिल्या खेपेला आम्ही सरळ मार्ग धरला. संध्याकाळी कुडाळहून कोकणकन्या, पहाटे ठाण्याला उतरून डोंबिवलीला मामाकडे. दिवसभर तिथे, रात्री जेवून सहारला, आणि मध्यरात्रीनंतर दुबईचं विमान. आईचं वय 71, गुडघे दुखतात, मधुमेहासाठी इन्सुलिन चालू. मामाकडे दुपारी आडवी हो म्हटलं तरी तिला परक्या घरात झोप लागेना. दुबईला पोचेपर्यंत तिला घर सोडून दीड दिवस होत आला होता आणि बोस्टनचं मोठं विमान अजून पुढेच होतं.

दुबईला एमिरेट्सची सगळी विमानं टर्मिनल 3 वरून जातात, त्यामुळे टर्मिनल बदलायची भानगड नाही. पण त्या टर्मिनललाच ए, बी आणि सी असे तीन भाग आहेत. आम्ही एका भागात उतरलो आणि पुढचं विमान दुसऱ्या भागातून होतं. मध्ये लिफ्ट, सुरक्षा तपासणी, छोटी गाडी, परत लिफ्ट. खुणा स्पष्ट आहेत, चुकायला होत नाही, पण चालणं भरपूर. मी व्हीलचेअर मागितली नव्हती, कारण आई म्हणाली होती, "माका काय झाला नाय, मी चलतंय." गेटपाशी पोचल्यावर ती खुर्चीत बसली आणि चपला काढून पायाच्या पोटऱ्या चोळत राहिली. तोंडाने काही बोलली नाही. मला फार वाईट वाटलं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा. निदान दोन दिवस आधी फोन करून खात्री करा, आणि दोन्ही विमानांसाठी नोंद झाली आहे ना ते पाहा. तिचे प्रकार असतात. डब्ल्यूसीएचआर म्हणजे माणूस पायऱ्या चढू शकतो, लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे पायऱ्याही जमत नाहीत. डब्ल्यूसीएचसी म्हणजे सीटपर्यंत न्यावं लागतं. आईसाठी मी आता डब्ल्यूसीएचएस घेते. मार्च 2025 मध्ये ती एकटी परत आली ती याच सोयीवर. बऱ्याच ठिकाणी व्हीलचेअरच्या प्रवाशांना एका कक्षात एकत्र बसवतात आणि वेळ झाली की गेटवर नेतात. तेवढ्या वेळात पाणी हवं, बाथरूमला जायचं, हे आपणच सांगावं लागतं. आईला इंग्रजी येत नाही म्हणून मी एका कार्डावर मोठ्या अक्षरांत चार वाक्यं इंग्रजीत लिहून दिली, खाली तीच मराठीत. ती बोट ठेवून दाखवते. ते कार्ड आता तिच्या पासपोर्टच्या पाकिटातच असतं.

आता माझी चूक. जून 2025 मध्ये ताईची रजा संपली आणि बाळाकडे बघायला मी महिनाभर जायचं ठरलं. रेल्वेचा कंटाळा आला होता, पावसाळी वेळापत्रकात गाड्या आणखी हळू जातात. म्हणून मोपा (गोव्याचं नवं विमानतळ) ते मुंबई एक तिकीट वेगळं काढलं आणि मुंबई-फ्रँकफर्ट-बोस्टन जाण्यायेण्याचं वेगळं. मध्ये पाच तास ठेवले. पाच तास म्हणजे ऐसपैस, असं वाटलं.

मोप्याला पोचले तेव्हा पाऊस असा कोसळत होता की काचेपलीकडचं विमान दिसत नव्हतं. आधी पाऊण तास उशीर, मग दीड, मग फलकावर वेळच येईना. विमान उडालं तेव्हा साडेतीन तास गेले होते. मुंबईला टर्मिनल 1 वर उतरले. सामानाचा पट्टा सुरू व्हायला वीस मिनिटं. आंतरराष्ट्रीय विमान टर्मिनल 2 वरून, म्हणजे बाहेर पडून रस्त्याने जायचं, आणि त्या पावसात रस्त्यावर गाड्यांची रांग. टर्मिनल 2 वर काउंटरपाशी पोचले तेव्हा माझी बॅग घ्यायची मुदत संपून बारा मिनिटं झाली होती. विमान अजून गेटवर उभं होतं. काउंटरवरची मुलगी माझ्यापेक्षा लहान असेल. ती हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, आता सिस्टीमच घेत नाही."

तिचं काही चुकलं नव्हतं. दोन तिकिटं वेगळी असली की दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही कनेक्शन चुकलेले प्रवासी नसता, तुम्ही फक्त वेळेवर न आलेले प्रवासी असता. शिवाय जाण्याचा टप्पा न वापरता सोडला तर त्याच तिकिटावरचं परतीचं आरक्षणही सहसा रद्द होतं. हे मला माहीत होतं म्हणून मी तिथेच जमिनीवर बॅगेवर बसून फोन लावला आणि दंड अधिक भाड्यातला फरक भरून तारीख बदलून घेतली. 58 हजार रुपये गेले. वेगळी तिकिटं काढून वाचवले होते नऊ हजार.

एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच आरक्षणात, सगळे टप्पे असते, तर पहिलं विमान उशिरा आल्यावर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी कंपनीची असती, आणि बॅगही कुडाळवरून नेलेली थेट बोस्टनलाच निघाली असती. 23 जून 2025 च्या रात्री कतारने काही तास हवाई हद्द बंद केली, तेव्हा मी बोस्टनला ताईकडेच होते आणि आम्ही दोघी बातम्या बघत होतो. किती विमानं अर्ध्यातून वळवली त्या दिवशी! अशा वेळी एकाच तिकिटावरचा माणूस निदान कुणाच्या तरी यादीत असतो. आखातातून जायचं तर ही शक्यता धरूनच जायला हवं असं मला तेव्हापासून वाटतं.

फ्रँकफर्टबद्दल थोडक्यात. युरोपातून जाताना आधी ट्रान्झिट व्हिसाचं बघा. माझ्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता, म्हणून मला वेगळा लागला नाही. लंडनचंही तसंच आहे. तिथे भारतीय पासपोर्टवर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असलेल्यांना सूट मिळते. हे नियम बदलत राहतात, तेव्हा तिकिटाचे पैसे भरायच्या दिवशी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर पाहा, एजंटच्या शब्दावर राहू नका.

अबुधाबीचा अनुभव ताईचा. ती, भावोजी आणि दहा महिन्यांचं बाळ गणपतीला आले, 27 ऑगस्टची चतुर्थी होती, आणि सप्टेंबरमध्ये मुंबईहून परत गेले. अबुधाबीला अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. अमेरिकी अधिकारी अबुधाबीतच पासपोर्ट तपासतात आणि बोस्टनला तुम्ही देशांतर्गत विमानातून आल्यासारखे उतरून बॅग उचलून बाहेर पडता. लहान मूल बरोबर असताना याचं मोल फार. चौदा तासांच्या प्रवासानंतर रडणारं बाळ कडेवर घेऊन लांबलचक रांगेत उभं राहायचं वाचतं. मात्र त्यासाठी अबुधाबीत पुन्हा एक सुरक्षा तपासणी असते, वेळ जातो. ताईचं म्हणणं, तिथे तीन तासांपेक्षा कमी अंतर ठेवू नये. 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं नवं टर्मिनल ए तिला आवडलं, सगळं एका छताखाली आहे.

ज्यांना बोस्टनच्याही पुढे अमेरिकेत दुसऱ्या शहरात जायचं असेल त्यांनी तर याचा विचार कराच. एरवी अमेरिकेत ज्या पहिल्या शहरात उतरता तिथे इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात. म्हाताऱ्या माणसाला न्यूयॉर्कला उतरवून तिथून दुसरं विमान घ्यायला लावू नका, तिकीट कितीही स्वस्त दिसलं तरी.

आणि आता दोहा, म्हणजे खरं तर मोपा. कतार एअरवेजने 2024 च्या जूनमध्ये गोव्याची आपली सेवा दाबोळीहून मोप्याला आणली. हे आमच्या सिंधुदुर्गासाठी केवढं मोठं आहे ते मला तिकीट काढेपर्यंत कळलं नव्हतं. मोपा पेडणे तालुक्यात, बांद्याच्या पलीकडे. कुडाळहून चौपदरी रस्त्याने सव्वा तास. चिपीला 9 ऑक्टोबर 2021 ला विमानतळ सुरू झालं तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो, पण परदेशी जाण्यासाठी आज आमच्या कामाचं आहे ते मोपा.

नोव्हेंबरमध्ये आई मोपा-दोहा-बोस्टन अशी एकटी गेली. विमान पहाटेचं होतं. रात्री साडेआठला घरी पेज आणि भाजी खाऊन ती आपल्या खाटेवर झोपली, बाराला उठवली, चहा घेतला, तुळशीला नमस्कार केला आणि गाडीत बसली. डोंबिवली नाही, ठाण्याचा जिना नाही. मोप्यालाच तिचं इमिग्रेशन झालं, दोन्ही बोर्डिंग पास तिथेच हातात मिळाले. चार तासांत दोहा. तिथे एकच टर्मिनल आहे, मधोमध ते प्रसिद्ध पिवळं अस्वल, दिव्याखाली बसलेलं. साधारण सात मीटर उंच. तिने वायफायवरून फोन केला: "मी त्या पिवळ्या अस्वलाच्या बाजूक बसलंय. काळजी करू नको. इन्सुलिन कधी घेऊ ता सांग."

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे, दुबई-अबुधाबी दीड तास मागे, बोस्टन हिवाळ्यात साडेदहा तास मागे. डॉक्टरांना आधीच दाखवून मी भारतीय वेळेप्रमाणे डोसांचा तक्ता केला होता आणि आईच्या मनगटावरचं घड्याळ बोस्टनला पोचेपर्यंत बदलायचं नाही असं ठरवलं होतं. इन्सुलिन कायम हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खालच्या सामानात ते गोठू शकतं. 100 मिलीचा नियम औषधांना लागत नाही, पण तपासणीला ते वेगळं काढून दाखवावं.

खाऊचंही सांगते, कारण आपल्याकडून कुणी रिकाम्या हाताने जात नाही. यूएईत खसखशीवर बंदी आहे. मालवणी मसाल्यात ती असते. बॅग दुबईत बाहेर निघत नसली, तरी दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाताना मी खसखस न घातलेला मसालाच देते. मंगळवारी काकी वेगळा कुटून देते, पिशवीवर तशी चिठ्ठी लावून. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत, तेलामुळे पेट घेणारा माल म्हणून. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि आंबापोळी आजवर नीट पोचली आहेत. आगळाची बाटली मी दुहेरी पिशवीत बांधून खालच्या बॅगेत टाकते.

परतीतही मोप्याचा फायदा आहे. मुंबईमार्गे गोव्याला आलात तर मुंबईला बॅगा उचलून कस्टम करून पुन्हा द्याव्या लागतात. दोह्याहून मोप्याला उतरलं की कस्टम तिथेच, आणि बाहेर आपली गाडी.

एक सावधगिरी. गोव्याला दोन विमानतळ आहेत. तिकिटावर जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी, मध्ये दीड तासाचा रस्ता. मुंबईचंही आता तसंच झालं आहे, बीओएम म्हणजे सहार-सांताक्रूझ आणि एनएमआय म्हणजे नवी मुंबई, जिथून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुटू लागली. पेण-अलिबागकडच्यांना ते जवळचं, पण एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असं तिकीट चुकूनही काढू नका. रत्नागिरी-चिपळूणच्या लोकांना मोपाही लांब आणि मुंबईही लांब. त्यांनी रेल्वेने एक दिवस आधी मुंबई गाठावी आणि तिथून एकाच तिकिटावर अबुधाबी घ्यावं, असं मी सांगेन.

मोपामार्गे भाडं मुंबईपेक्षा अकरा हजारांनी जास्त पडलं. रेल्वे, टॅक्सी आणि मामाकडचा दिवस धरला तर फरक निम्म्यावर येतो. दुबईहून बोस्टनला पोचल्यावर आई दोन दिवस अंथरुणातच होती. या खेपेला दुसऱ्या दिवशी सकाळी तिने ताईच्या स्वयंपाकघरात घावणे घातले आणि नातवाला मांडीवर घेऊन भरवले, त्याचा फोटो आला.

तिचं परतीचं तिकीट एप्रिलचं आहे, दोह्यात सव्वातीन तास, व्हीलचेअरची नोंद दोन्ही टप्प्यांवर आहे. काल पुन्हा फोन करून तपासली.