गावभागातलं जुनं वाचनालय, सांगली: वास्तू दणकट, कपाटं चुकीच्या जागी

सभासद व्हायचं असेल तर बिनधास्त व्हा. दगडी जोतं, हातभर जाड चुन्याच्या भिंती, सागवानी तुळया. एप्रिलच्या दुपारीही वाचनकक्षात बसवतं. खिडक्या उत्तरेला असल्यामुळे पानावर थेट ऊन येत नाही, दिवसभर सारखा उजेड मिळतो.

दर्शनी भिंतीला मात्र कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा मारलाय, आणि तो घातक आहे. चुन्याची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडून देते. सिमेंटमुळे ओलीची वाट बंद होते, ती आणखी वर चढते आणि गिलाव्याच्या वरच्या कडेला लोणा, म्हणजे पांढरा क्षार, फुटतो. तिथे बोट फिरवलं की चुना पिठासारखा झडतो. सिमेंट खरवडून, भिंत एक उन्हाळा सुकवून चुन्याचाच गिलावा द्यायला हवा. तोवर निदान कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावीत. आत्ता ती अगदी चिकटून आहेत, त्यामुळे मागच्या पुस्तकांना बुरशी धरते.

त्याहून मोठी काळजी कृष्णामाईच्या पुराची. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. असं असताना मासिकांचे जुने बांधीव खंड तळमजल्यावर, तेही सर्वांत खालच्या फळीवर? ते जूनपूर्वी माडीवर गेलेच पाहिजेत. फक्त माडीच्या मधोमध कपाटं नकोत. मीटरभर भरलेली फळी सहज तीस किलोंची होते, म्हणून कपाटं भिंतीजवळ, तुळयांची टोकं टेकतात तिथे, पण चार बोटं सोडून लावावीत.

पुस्तक भिजलंच तर उन्हात टाकू नका, पानं वेडीवाकडी आकसतात. ओली पानं ओढून सुटी करू नका. उभं ठेवून पंख्याचा वारा द्या, मधेमधे कोरा टीपकागद घाला, तो ओला झाला की बदला. दोन दिवसांत बुरशी येते, त्यामुळे ढीग मोठा असेल तर पिशव्यांत भरून शीतगृहात गोठवा आणि सवडीने थोडी थोडी वाळवा. गुळगुळीत आर्ट पेपरची पुस्तकं आधी घ्या, वाळताना त्यांची पानं एकमेकांना चिकटून पुस्तकाची वीट होते.

देवघेव चोख आहे. दिवाळी अंकांची नोंदणी लवकर करा आणि अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना तीच मागतात.