ब्लॅकबर्ड बघायला जाताय? लगेच खाली उतरू नका

वॉशिंग्टनजवळ, डलेस विमानतळाला खेटून स्मिथसोनियन संस्थेचं उडवार-हेझी सेंटर हे विमानांचं संग्रहालय आहे. प्रवेश फुकट, पार्किंगचे १५ डॉलर. चारनंतर तेही घेत नाहीत, पण साडेपाचला दारं बंद होतात, तेव्हा हा कंजूसपणा करू नका.

आत शिरलं की समोर, एक मजला खाली, एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे अमेरिकेचं जुनं हेरगिरीचं विमान नाक तुमच्याकडे करून उभं. सगळे धडाधड खाली पळतात. तुम्ही कठड्याशी थांबा. नाकापासून पंखांपर्यंत गेलेली चपटी धार वरूनच नीट कळते. रडारवर विमान कमी दिसावं हाही त्या आकाराचा एक हेतू होता, तोही साठच्या दशकात. पुढच्या स्टेल्थ विमानांनी हाच धागा पकडला.

मग खाली या आणि पत्रा बघा. माझी हयात टूलरूममध्ये गेली, त्यामुळे माझा तर पाय तिथून हलेना. आवाजाच्या तिप्पट वेगाला अंग इतकं तापतं की ॲल्युमिनियमचा निभाव लागत नाही, म्हणून बहुतेक सांगाडा टायटॅनियमचा. ते टायटॅनियम आडमार्गाने आणलं होतं सोव्हिएत युनियनकडून, म्हणजे ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याकडूनच! आणि धातू महानखरेल. कॅडमियमचा मुलामा दिलेल्या पान्यांनी बोल्ट आवळले, तर तापल्यावर बोल्टची डोकी तुटायची. उन्हाळ्यात केलेले स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्र्यांचे ठिपक्याठिपक्यांनी केलेले जोड, लवकर सुटायचे. कारण काय, तर शेवाळ होऊ नये म्हणून नळाच्या पाण्यात घातलेलं क्लोरीन! शेवटी पार्ट धुवायला डिस्टिल्ड वॉटर आणलं. विमानाचा मुख्य रचनाकार केली जॉन्सन, त्याच्या माणसांनी हे सगळं कॉम्प्युटरच्या फारशा मदतीविना निस्तरलं. टायरही बघा, रुपेरी झाक आहे. उष्णता सोसावी म्हणून रबरात ॲल्युमिनियमची पूड मिसळलेली.

इथलं विमान नुसतं शोभेचं नाही. ६ मार्च १९९० ला हेच लॉस एंजेलिसहून निघून १ तास ४ मिनिटं २० सेकंदांत वॉशिंग्टनला पोचलं आणि तसंच संग्रहालयाच्या ताब्यात गेलं. एकूण ३२ बनली, १२ अपघातांत गेली, शत्रूला एकही पाडता आलं नाही. पुढे उपग्रहांनी बरंचसं काम उचललं, खर्चही परवडेना, म्हणून ही विमानं निवृत्त झाली. १९७६ चा ताशी ३,५२९ किलोमीटरचा विक्रम मात्र हवा ओढून इंधन जाळणाऱ्या इंजिनाच्या, आत माणूस बसून चालवतो अशा विमानांत अजून ब्लॅकबर्डच्याच नावावर आहे.

कॉकपिटमध्ये चढू देत नाहीत, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. स्वयंसेवक फुकट फिरवून माहिती देतात, त्यांच्यामागे जरूर जा. इंजिनासमोरचा तो टोकदार सुळका वेग वाढला की मागे का सरकतो, हे तर विचाराच. मागच्या दालनात डिस्कव्हरी हे अवकाशयान (स्पेस शटल) आहे. गर्दी तिकडेच जास्त, त्यामुळे ब्लॅकबर्डपाशी निवांत उभं राहता येतं. माझ्याकडून पाचपैकी पाच.