एक टॅब, चार यंत्रं आणि 'परवानगी द्या'ची कटकट : दूध संकलन केंद्रावरचा अनुभव

सकाळचं संकलन ऐन भरात, लाइट लुकलुकली आणि पुढच्या पावतीवर फॅट छापून आली २८.६. गाईच्या दुधाला! ३.५ फॅटवर दर ठरतो तिथं २८.६ म्हणजे दूध नव्हे, साय झाली. रांगेतले एक मामा लगेच म्हणाले, "आमचंबी असंच लावा मग." झालं होतं एवढंच की काट्यावरचं वजन फॅटच्या रकान्यात घुसलं होतं. त्यावर उपाय म्हणून घेतलेल्या चार पोर्टच्या कन्व्हर्टरबद्दल हे लिहायला बसलोय.

माझं खासगी केंद्र संगमनेर तालुक्यात आहे. जुना कॉम्प्युटर इन्व्हर्टरची बॅटरी पीत होता, म्हणून त्याच्या जागी अँड्रॉइड टॅब आणला. टॅबला टाइप-सी हब आणि हबमध्ये चार सुट्या यूएसबी-सिरीयल केबली. काटा, मिल्क अॅनालायझर (दुधाची फॅट मोजणारं यंत्र), बाहेरचा डिस्प्ले आणि पावतीचा प्रिंटर. ही यंत्रं आरएस-२३२ या जुन्या सिरीयल जोडणीवर बोलतात; तिच्यात एका पोर्टला एकच यंत्र, त्यामुळे चार यंत्रांना चार पोर्ट लागणारच. चारही केबली एकाच दुकानातून, एकाच चिपच्या घेतल्या, कारण घाऊक भावात स्वस्त पडल्या.

मेख तिथंच आहे. अँड्रॉइडला केबल ओळखायची तर तीन गोष्टी हाताशी असतात: कंपनीचा क्रमांक, मालाचा क्रमांक आणि त्या नगाचा सिरीयल नंबर. स्वस्त चिपमध्ये बऱ्याचदा सिरीयल नंबर नसतोच. मग चारही केबली टॅबला जुळ्या वाटतात. हब बंद होऊन पुन्हा चालू झाला की ज्या क्रमानं त्या जाग्या होतील त्या क्रमानं नंबर लागतो. काल पहिला काटा होता, आज पहिला अॅनालायझर. आमचं अॅपही असं की येईल तो आकडा मुकाट्यानं गिळतं.

दुकानदाराला फोन केला, "टॅब रिस्टार्ट करा." अॅपवाल्याला केला, "केबल बदला." दोघंही आपापल्या जागी ठाम, आणि दूध घालणारे माझ्या दारात उभे.

तरी क्रम बदलणं मी एक वेळ सोसलं असतं. डोकं फिरवलं ते त्या पाटीनं. दर वेळी केबल नव्यानं दिसली की टॅब विचारतो, या यूएसबी उपकरणाला परवानगी द्यायची का? चार केबली, चार पाट्या. हात दुधानं ओले, स्क्रीनला बोट लागत नाही, पाठीमागून "काय रे, झोपला का तुझा टॅब?" लाइट दोनदा गेली की आठ पाट्या. फोनवर कुणी जाहिरात दाखवली तर आपण ती बंद करून मोकळे होतो, पण ही पाटी नाकारली तर काटाच बंद. माझ्याच काट्याचं वजन घ्यायला रोज सकाळी माझीच परवानगी मागणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

शेवटी केबली काढल्या आणि चार पोर्टचा एकच कन्व्हर्टर घेतला, एफटीडीआय या चिप कंपनीच्या एफटी४२३२एच चिपचा. केबलींच्या तिप्पट किंमत, बायकोनं दोनदा विचारलं नक्की कशाला. पण या चिपमध्ये चार पोर्ट आतच ए, बी, सी, डी असे पक्के बांधलेले असतात. टॅबच्या लेखी ते एकच उपकरण, म्हणून पाटीही एकच, आणि ए म्हणजे काटा तो काटाच. २८.६ ची फॅट त्यानंतर कुणालाच मिळाली नाही.

ती एक पाटीसुद्धा मला नको होती. अॅपमध्ये या चिपचा क्रमांक (०४०३ आणि ६०११) आधीच नोंदवला असेल तर पाटीखाली 'नेहमी'ची चौकट येते, ती एकदा टिचकली की काम संपलं. अॅपवाल्याच्या दृष्टीनं चार ओळींचं काम, पण ते करून घ्यायला मला त्याची वर्षाची फी अडवावी लागली.

इथवर लिहून ठेवलं होतं आणि पाच तारे देणार होतो. मग पावसाळा लागला आणि लाइटचा खेळ सुरू झाला, त्यामुळे पुढचंही सांगतोय. टॅब चार्ज होत राहावा म्हणून हबला चार्जर जोडलेला असतो. चार्जरचा पुरवठा क्षणभर तुटला की माझा हब सगळे पोर्ट एकदा सोडतो आणि पुन्हा धरतो. काट्याला त्याचं काही नाही, तो सेकंदाला अनेकदा वजन पाठवतच असतो. अॅनालायझर मात्र निकाल एकदाच पाठवतो. नेमका तेव्हा हब आडवा झाला की नमुना पुन्हा लावा, पुन्हा मिनिटभर थांबा.

नवा हब घ्यायला निघालो होतो, तेवढ्यात इन्व्हर्टरच्या मागचं बटण दिसलं: 'नॉर्मल' आणि 'यूपीएस'. यूपीएसवर टाकलं की बॅटरीवर जायला लागणारा वेळ इतका कमी होतो की चार्जरला कळतसुद्धा नाही. फुकटात काम झालं. तोटा एक, व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि आमच्याकडे संध्याकाळी ते पडतंच. म्हणून दोन्ही संकलनांच्या वेळी यूपीएस, बाकी वेळ नॉर्मल.

जोडणी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. केबल सरळ लागते की क्रॉस, यावर वाद घालू नका. मल्टिमीटरचा काळा तार यंत्राच्या डीबी-९ (नऊ पिनांच्या) सॉकेटच्या ५ नंबर पिनला लावा. २ किंवा ३ पैकी जिथं उणे व्होल्ट दिसेल ती यंत्राची पाठवणारी पिन, ती कन्व्हर्टरच्या घेणाऱ्या पिनला जायला हवी. उणे न दिसता अधिक ३ किंवा ५ व्होल्ट दिसले तर ते आरएस-२३२ नाही, टीटीएल ही कमी व्होल्टची वेगळी जोडणी आहे, आणि हा कन्व्हर्टर तिथं चालणार नाही. दुसरं, एक कारागीर काटा उघडून आत डाग द्यायला तयार होता. वैध मापनशास्त्र खात्याचं सील असलेला काटा उघडू देऊ नका, बाहेरच्या पोर्टवरच काम भागवा.

ब्लूटूथचा पर्यायही सुचवला गेला. चार ठिकाणी चार जोड्या जमवत बसण्यापेक्षा वायर बरी.

दोनच यंत्रं असतील तर हा खर्च करू नका. दोन वेगवेगळ्या चिपच्या केबली घ्या, टॅब त्यांची गल्लत करणार नाही. चार असतील तर हा कन्व्हर्टर घ्या. पाचातला एक तारा कापलाय तो कन्व्हर्टरच्या डब्याला भिंतीवर ठोकायला भोकं नाहीत म्हणून. एवढे पैसे घेऊन दोन भोकं पाडता येत नाहीत का? सध्या टेबलाखाली दुहेरी चिकटपट्टीवर लटकतोय.