थेट विक्री, डीलर की प्लॅटफॉर्म? आधी वजन कुणाचं जास्त ते पाहा

विक्रीचा मार्ग ठरवताना बहुतेक उत्पादक एकच आकडा बघतात: मधला माणूस किती टक्के खातो? थेट विकलं की ते टक्के वाचतात, म्हणजे थेट विकणंच फायद्याचं. बाजारात तुम्ही एकटे असाल तर हा हिशेब जवळजवळ बरोबर आहे. पण समोर तुमच्यासारखाच माल घेऊन दुसरा उभा असेल किंवा विक्रेता तुमच्यापेक्षा भारी असेल, तर तोच हिशेब अंगावर येतो.

आधी स्पर्धक बाजूला ठेवून आकडे पाहू. समजा, एका नगाचा खर्च २० रुपये आहे. फुकट दिला तर १०० नग जातात आणि किंमत एका रुपयाने वाढली की एक गिऱ्हाईक गळतं. थेट विकलं तर सर्वांत फायद्याची किंमत ६०; ४० नग खपतात, नफा १६००. आता मध्ये डीलर आणा. घाऊक भाव तुम्ही आधी जाहीर करता, मग तो आपलं मार्जिन ठरवतो. तुम्ही ६० लावता, तो २० चढवून ८० ला विकतो. खप २० वर येतो. तुम्हाला ८००, त्याला ४००. एकूण १२००, म्हणजे मार्जिनवर मार्जिन चढल्यामुळे ४०० कुणाच्याच खिशात गेले नाहीत.

डीलरच दादा असेल आणि ‘मला एवढं मार्जिन हवं, पुढचं तुम्ही बघा’ असं तो आधी सांगत असेल, तर गिऱ्हाइकाला किंमत तीच, ८०. फक्त वाटे उलटतात: त्याला ८००, तुम्हाला ४००. आणि दोघं तुल्यबळ असतील, कुणीच पहिली चाल करू शकत नसेल, तर किंमत ७३ च्या आसपास उतरते आणि दोघांना साधारण ७११ मिळतात. एकूण १४२२. पारडं एकीकडे झुकलं की कमजोर पक्षाचं नुकसान होतं हे सगळेच जाणतात. एकूण नफाच आटतो आणि गिऱ्हाईकही जास्त मोजतं, हे सहसा कुणी बोलत नाही.

स्पर्धक आल्यावर डीलरची किंमत कळते

मॅक्ग्वायर आणि स्टेलिन या दोन अभ्यासकांनी १९८३ मध्ये दाखवलेला निष्कर्ष पहिल्यांदा ऐकताना उफराटा वाटतो: दोन उत्पादकांचा माल जितका एकसारखा, तितकं दोघांनीही स्वतंत्र डीलर ठेवणं फायद्याचं. दोघं थेट विकत असतील तर एकाने किंमत पाडली की दुसऱ्याला लगेच पाडावी लागते. मध्ये डीलर असला की खेळ एक पायरी लांब जातो. तुम्ही घाऊक भाव थोडा चढवलात, तुमच्या डीलरने किंमत वाढवली, की समोरच्या डीलरलाही थोडी वाढवायला जागा मिळते. मार्जिनचे टक्के जातात, पण किंमतयुद्धाची धार बोथट होते.

गोची अशी की समोरचा डीलरमार्फत विकत असताना तुम्ही एकटे थेट गेलात तर बहुतेक वेळा तुमचा फायदा होतो. त्यालाही तेच सुचतं. मग दोघं थेट जातात आणि दोघंही आधीपेक्षा कमी कमावतात. माल अगदी सारखा असेल तेव्हाच हा मोह आपोआप थांबतो.

पण डीलर ठेवण्याच्या या फायद्याला दोन अटी आहेत. घाऊक भाव ठरवणारा हात तुमचा हवा आणि डीलर फक्त तुमचा हवा. तोच डीलर दोघांचाही माल ठेवत असेल तर सूत्रं त्याच्याकडे जातात. ‘ते दोन टक्के जास्त देतात, साठ दिवसांची उधारी देतात, न खपलेला माल परत घेतात; तुमचं काय?’ हा प्रश्न तो दोघांनाही विचारतो. त्यातच त्याने स्वतःच्या ब्रँडचा माल शेजारी मांडला, तर तुमचा विक्रेता आणि तुमचा स्पर्धक एकच झाला.

प्लॅटफॉर्म: टक्क्यांपेक्षा किंमतीचा ताबा

ॲमेझॉनसारख्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर विकण्याच्या दोन व्यवस्था आहेत. एकीत प्लॅटफॉर्म माल विकत घेतो आणि किंमत स्वतः ठरवतो. दुसरीत किंमत तुम्ही ठरवता, तो कमिशन घेतो. फरक किती खोल आहे ते ई-पुस्तकांच्या वादात दिसलं. ॲमेझॉन घाऊक भावाने घेतलेली अनेक नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला, प्रसंगी तोटा खाऊन विकत होता. २०१० मध्ये पाच मोठे प्रकाशक ॲपलबरोबर कमिशनच्या व्यवस्थेत गेले: किंमत प्रकाशकाची, ३० टक्के विक्रेत्याचे. यात एका प्रतीमागे प्रकाशकांना बरेचदा पूर्वीपेक्षा कमीच मिळणार होतं. तरी ते गेले, कारण त्यांना किंमतीवरचा ताबा हवा होता. तो त्यांनी संगनमत करून मिळवला, या आरोपावरून २०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने खटला भरला. वजनदार विक्रेत्यापुढे एकटा पुरवठादार किती हलका असतो, ते यावरून कळावं.

थेट विक्री, आणि रिकामं झालेलं शेल्फ

थेट विक्रीचं आकर्षण खरं आहे. गिऱ्हाईक कोण, ते काय परत करतं, का परत करतं, हे सगळं तुम्हाला कळतं. पण डीलर जे टक्के खात होता त्यात साठवणूक, उधारीची जोखीम आणि शेवटच्या टप्प्याची पोचवणी होती. ते खर्च नाहीसे होत नाहीत, तुमच्या वहीत येतात. नायकेने २०१९ मध्ये ॲमेझॉनला माल देणं थांबवलं, अनेक दुकानांशीही व्यवहार कमी केले. ब्रँड एवढा मोठा, तरी मोकळ्या झालेल्या शेल्फवर ऑन आणि होकासारखे बुटांचे ब्रँड येऊन बसले. २०२३ पासून नायके काही जुन्या विक्रेत्यांकडे परतला आणि २०२५ मध्ये ॲमेझॉनकडेही. तुमच्या निर्णयाला स्पर्धक काय उत्तर देईल, हे कमिशनच्या टक्क्यांमध्ये दिसत नाही.

माझं मत सरळ आहे. माल ठळकपणे वेगळा असेल, लोक नाव घेऊन मागत असतील, तर थेट विक्री वाढवा. डीलर मात्र एकदम तोडू नका. माल चारचौघांसारखा असेल तर डीलरच बरा, पण शक्यतो फक्त तुमचा माल ठेवणारा. आणि एकाच मोठ्या विक्रेत्यावर निम्म्याहून जास्त विक्री टेकली असेल, तर मार्ग निवडण्याआधी दुसरा विक्रेता उभा करा, थोडं कमी मार्जिन घेऊन का होईना. प्लॅटफॉर्मवर जाताना कमिशनवर घासाघीस करण्यात सगळा जोर घालवू नका. ‘इतरत्र यापेक्षा स्वस्त विकणार नाही’ असं कलम करारात आहे का ते शोधा, कारण ते असेल तर तुमच्या बाकीच्या सगळ्या मार्गांची किंमतही तोच प्लॅटफॉर्म ठरवू लागतो.