गवती चहा की रोशा: तेलासाठी काय लावावं?

तेलासाठी गवत लावायचं ठरलंय, पण गवती चहा लावू की रोशा (पामारोसा, गुलाबी वासाच्या तेलाचं गवत), असं विचारणारे अधूनमधून भेटतात. मी दोन्ही लावून पाहिलंय, अर्धा-अर्धा एकर, शेजारीशेजारी. लागवडीचं अंतर, खताचा डोस वगैरे कुठेही मिळेल, ते सोडून देतो.

एक मात्र सांगतो. परसातला चहात टाकायचा ठोंब फोडून शेतात लावू नका. त्याच्या तेलात मिर्सिन नावाचा घटक बराच असतो, म्हणून ते तेल अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही आणि ठेवलं की दाटतं. तेलासाठी गवती चहाची फ्लेक्झुओसस ही दुसरी प्रजातीच हवी. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची ‘कृष्णा’ जात त्यातलीच.

वासात रोशा जिंकतो, खोटं कशाला बोलू. त्याच्या तेलात 75-85 टक्के जेरॅनिऑल हा सुगंधी घटक असतो, म्हणून वास गुलाबाकडे झुकतो. खानदेश-निमाडच्या रानातलं हेच तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानात जायचं, तिथल्या गुलाबतेलात भेसळ करायला! गवती चहाच्या तेलात 70-80 टक्के सिट्रल हा घटक, म्हणजे लिंबाचा सरळ झणका. साबणवाल्यांना रोशा आवडतो, कारण साबणातल्या क्षारात जेरॅनिऑल टिकतं, सिट्रल मात्र साबण पिवळा पाडतं. भावही रोशाला बहुधा चढाच मिळतो.

बुरशीवर प्रयोगशाळेत दोघांचाही परिणाम दिसलेला आहे. मी आपला घरगुती खेळ केला. दोन डब्यांत ओलसर भाकरीचे तुकडे, झाकणाला तेलात भिजवलेला एकेक कापसाचा बोळा. रोशाच्या डब्यात चौथ्या दिवशी पांढरी लव आली, गवती चहाच्या डब्यात आठवडाभर काही नाही. याला कुणी प्रयोग म्हणू नये, पण मला पटलं. डासांना दोन्ही तेलं पळवतात, तासाभरात उडूनही जातात.

एवढं वाचून रोशाच बरा वाटेल. मलाही वाटला होता. घोडं अडलं ते तुऱ्यावर.

गवती चहाचं तेल पानात असतं. कापणी आठ-दहा दिवस पुढे गेली तरी फार बिघडत नाही. रोशाचं तेल मुख्यतः तुऱ्यात, पानात त्याहून कमी आणि दांड्यात जवळजवळ नाहीच. म्हणजे फुलोरा आला की दाणा पक्का व्हायच्या आत विळा लागलाच पाहिजे. आणि आमच्याकडे हे दिवस नेमके सोयाबीन काढणीवर येतात. तेव्हा मजूर मिळणं म्हणजे नशीब. एका वर्षी परतीच्या पावसानं आणि मजुरांनी मिळून अकरा दिवस घालवले. तुरे तपकिरी पडले, हात लावला की बी झडायचं. तेल काढायची टाकी नेहमीसारखीच गवत दाबून भरली, वाफ तेवढीच दिली आणि पाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या सेपरेटरच्या काचेत तेलाची जेमतेम बोटभर कड. जळणाच्या लाकडाचा खर्चही निघाला नाही त्यातून. वर झडलेलं बी पुढच्या पावसात शेजारच्या तुरीत उगवलं, त्याची बोलणी वेगळी.

गवती चहा साधा आहे असं नाही. पात धारेची, लांब बाह्यांचा सदरा घातल्याशिवाय कापू नये. आणि सिट्रलला हवा-ऊन सोसत नाही. पहिल्या वर्षी मी अर्धा भरलेला प्लॅस्टिकचा कॅन पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला होता. तेल लालसर झालं, व्यापाऱ्यानं बूच उघडून नाक लावलं आणि कॅन माझ्याकडे सरकवला. आता पाणी पूर्ण काढून अ‍ॅल्युमिनियमच्या कॅनमध्ये गळ्यापर्यंत भरतो नि अंधारात ठेवतो. हा त्रास माझ्या हातातला आहे, ऑक्टोबरचे मजूर नाहीत.

घरची चार माणसं राबणारी असतील, सोयाबीन नसेल, तर रोशा जरूर लावा, पैसे कदाचित जास्तच मिळतील. मी यंदा रोशाचा अर्धा एकर मोडून तिथेही गवती चहाचे ठोंब लावलेत. बांधावर रोशाची दोन बेटं तेवढी ठेवलीत, येता-जाता तुरा चुरगळून हुंगायला.