रास्पबेरी पायच्या जीपीआयओ पिना: बरेच महिने वापरल्यावरचं मत

बोर्ड रास्पबेरी पाय ४, म्हणजे लिनक्सवर चालणारा छोटा एका बोर्डाचा संगणक, आणि जीपीआयओ म्हणजे त्यावरच्या, प्रोग्रामने वाचता किंवा चालू-बंद करता येणाऱ्या पिना. काम म्हणाल तर किरकोळ, पाण्याच्या टाकीत पातळी सांगणारे दोन फ्लोट स्विच, मॉस्फेट बोर्डावर (मॉस्फेट म्हणजे पिनच्या सिग्नलवर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) १२ व्होल्टचा छोटा पंप, एक तापमानाचा सेन्सर आणि शटडाऊनला एक बटण. पायथनमध्ये जीपीआयओझीरो ही लायब्ररी घेतली की याचा कोड पानभरही होत नाही, त्यामुळे कोडबद्दल मी फारसं काही सांगणार नाहीये, ते सगळीकडे मिळतं. आपला प्रोग्राम चालू असताना पिन काय करते हे सगळेच शिकवतात. प्रोग्राम चालू नसताना, म्हणजे बूट होताना, सर्विस (मागे सतत चालणारा आपला प्रोग्राम) आपटल्यावर, अपडेटनंतर रीस्टार्ट होताना ती पिन काय करत असते याबद्दल फार कमी बोललं जातं आणि महिनोन् महिने वापरताना डोकं खातं ते नेमकं तेच.

करंट आला की सगळ्या पिना इनपुट म्हणून उठतात, इथपर्यंत ठीक. पण इनपुट म्हणजे मोकळी लटकणारी नव्हे, आत पुल-अप (पिनला हाय म्हणजे ३.३ व्होल्टकडे ओढणारा) किंवा पुल-डाऊन (लो म्हणजे शून्याकडे ओढणारा) रेझिस्टर लागलेला असतो, आणि तो सगळ्या पिनांना सारखा नाही. जीपीआयओ ० ते ८ पुल-अप, ९ ते २७ पुल-डाऊन. (२ आणि ३ वर तर बोर्डावरच १.८ किलोओहमचे पक्के पुल-अप आहेत, ते काढता येत नाहीत, कारण ती आय-टू-सीची, म्हणजे सेन्सर वगैरे जोडायच्या दोन तारांच्या पद्धतीची जोडी.) हे वाचायला कंटाळवाणं वाटतं म्हणून मी मुद्दाम करून बघितलं. पंपाच्या जागी एलईडी पट्टी लावली, मॉस्फेट बोर्डाची सिग्नलची वायर जीपीआयओ ५ वर घातली, कुठलाही प्रोग्राम नाही, नुसता करंट दिला. पट्टी लख्ख पेटली आणि पेटलेलीच राहिली. पिनची स्थिती दाखवणारी पिनकंट्रोल कमांड ५ नंबरसाठी टाईप केली तर ओळ आली आयपी, पीयू, हाय, म्हणजे इनपुट, पुल-अप, लेव्हल हाय. मॉस्फेटच्या गेटला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या टोकाला, करंट जवळपास लागतच नाही, त्यामुळे आतला ५० किलोओहमच्या आसपासचा पुल-अपसुद्धा त्याला उघडायला पुरतो. आता पट्टीच्या जागी परत पंप धरा, आणि टाकी भरलेली असताना बूट चालूये असं धरा.

तीच वायर जीपीआयओ १७ वर नेली, पट्टी बंद. पण मी तेवढ्यावर थांबलो नाही, गेट आणि ग्राउंडच्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टरही टाकला. हिशोब साधा आहे, वर ५० आणि खाली १० असेल तर ३.३ व्होल्टमधले जेमतेम ०.५५ व्होल्ट गेटवर येतात, त्यात मॉस्फेट उघडत नाही, म्हणजे उद्या कोणी पिन बदलली किंवा वायर सुटून लोंबकळली तरी पंप बंदच. काही तयार बोर्डांवर हा रेझिस्टर आधीच असतो, काहींवर नसतो, मल्टिमीटरने बघून घ्या.

रिले (चुंबकाने चालणारा स्विच) बोर्ड वापरणाऱ्यांसाठी हे सगळं उलटं होतं, कारण ते बहुतेक लो दिल्यावर चालू होणारे असतात, त्यांना ५ किंवा ६ नंबर बरा. त्यांची अजून एक गंमत, पिन हाय म्हणजे ३.३ व्होल्ट, बोर्ड ५ व्होल्टवर, मधे १.७ व्होल्टचा फरक उरतो आणि काही बोर्डांवर रिले नीट सुटत नाही. जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलच्या पुरवठ्याचा) जंपर काढून व्हीसीसीला ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला ५ द्यायचे हा उपाय चालतो, पण काही बोर्डांचा आतला एलईडी ३.३ वर धड पेटत नाही, मग मधे ट्रान्झिस्टर घालण्यावाचून इलाज नाही. या भानगडीमुळेच मी डीसी पंपाला मॉस्फेट घेतला.

सेटिंग करायची माझी आवडती जागा आता कॉन्फिग डॉट टीएक्सटी फाईल झालीये (पायच्या ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून ती बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली, जुन्या माहितीत जुना पत्ता असतो). त्यात जीपीआयओ=१७=ओपी,डीएल अशी एक ओळ टाकली की फर्मवेअरच ती पिन आउटपुट आणि लो करून ठेवतं, लिनक्स उठायच्या आधी. फक्त करंट आल्यापासून ही ओळ लागू होईपर्यंत काही सेकंद जातात, त्या वेळात राज्य डिफॉल्ट पुलचंच, म्हणून योग्य पिन निवडणं टळत नाही.

प्रोग्राम मेल्यावरचं पण बघा. नीट बंद झाला तर जीपीआयओझीरो पिन परत इनपुट करतं, म्हणजे पुन्हा पुल-डाऊन, पंप बंद, छान. पण किल मायनस नऊ (प्रोग्राम जबरदस्तीने मारणारी कमांड) मारलं तर साफसफाईला वेळच मिळत नाही आणि पिन जशी होती तशी राहू शकते. म्हणून सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्विस चालू-बंद करणाऱ्याच्या) सर्विसमध्ये मी थांबल्यानंतर चालणारी एक ओळ घातलीये जी पिनकंट्रोलने १७ ला लो करते. सर्विस कशीही मरो, ती ओळ चालते.

इनपुटच्या बाजूला आतल्या पुल-अपवर फार विसंबू नका. टेबलावर वीतभर वायरला तो मस्त चालतो, टाकीपर्यंतच्या लांब वायरला नाही. पिनवरचे बदल दाखवणारी जीपीआयओमॉन कमांड लावून बसलो होतो, पंप सुरू झाला रे झाला की स्क्रीनवर रायझिंग फॉलिंग रायझिंग फॉलिंग अशा ओळींचा पाऊस, आणि फ्लोट तर जागचा हललेलाही नाही. बाहेरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा पुल-अप लावला, फ्लोटची वायर पंपाच्या वायरपासून लांब नेली, पंपाला उलटा डायोड लावला, मग शांत झालं. नुसत्या डिबाउन्सने (क्षणिक बदल कोडमध्ये दुर्लक्षित करून) हे झाकता येतं पण ते झाकणंच. डिबाउन्स हवाच, तो पाणी हिंदकळतं म्हणून.

व्होल्टेजबद्दल एकदाच सांगतो, पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्टचा सिग्नल सरळ घालायचा नाही. एचसी-एसआर०४ सारख्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा इको ५ व्होल्टचा येतो, त्याला १ आणि २ किलोओहमचा डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर) लावा.

नंबरांचा घोळ सगळ्यांना माहितीये, हेडरवरची ११ वी पिन म्हणजे जीपीआयओ १७, आणि वायरिंगपाय या दुसऱ्या लायब्ररीच्या हिशोबात तीच ०. मी फक्त जीपीआयओ नंबर वापरतो, आणि टर्मिनलमध्ये पिनआउट टाईप केलं की चित्र येतंच.

कुठली पिन कोणी अडवलीये हे जीपीआयओइन्फो ही कमांड सांगते, तिथे बघायची सवय लावा. वन-वायरचा (एका डेटा तारेवर सेन्सर जोडायच्या पद्धतीचा) ओव्हरले, म्हणजे कॉन्फिग फाईलमधली सेटिंग, चालू केला की डिफॉल्टने जीपीआयओ ४ कर्नलकडे (लिनक्सच्या गाभ्याकडे) जाते, मग तुम्ही तिला हात लावायला गेलात की डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी. शटडाऊनचं बटण मी जीपीआयओ ३ वर ठेवलंय कारण बंद झालेला पाय ४ त्याच बटणाने परत उठतो, दुसऱ्या पिनवर बंद करता येतं पण उठवता येत नाही. त्याची किंमत म्हणजे आय-टू-सी विसरायचं.

जुने लेख वाचून सेटिंग करणाऱ्यांनी जरा जपून. सिस-क्लास-जीपीआयओ या फोल्डरमध्ये पिनचा नंबर एक्सपोर्ट करायची पद्धत कर्नल ४.८ पासून मोडीत काढलेली आहे, आता कॅरेक्टर डिव्हाइस (कर्नलची नवी पद्धत) आणि लिबजीपीआयओडी (तिची लायब्ररी आणि कमांड). त्यातही आवृत्ती १ आणि २ च्या कमांड वेगळ्या, २ मध्ये चिपचं नाव द्यायचं तर मायनस सी लावून द्यावं लागतं, आणि पिन हाय-लो करणारी जीपीआयओसेट कमांड तिथेच लाईन (म्हणजे पिन) धरून बसते, लोकांना वाटतं हँग झालं. पाय ५ वर तर पिना आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर गेल्यात, जुनी आरपीआय डॉट जीपीआयओ लायब्ररी तिथे चालत नाही, आरपीआय-एलजीपीआयओ टाकावी लागते. जीपीआयओझीरोवर लिहिलेलं असेल तर कोडला बहुधा हात लावावा लागत नाही, आणि मी ते सुचवण्याचं मोठं कारण हेच.

कमी वाटते ती एकच गोष्ट, ॲनालॉग इनपुट, म्हणजे नुसतं चालू-बंद न वाचता मधली व्होल्टेजही वाचणारी पिन. एकही नाही. टाकीची पातळी टक्क्यांत हवी असेल तर एमसीपी३००८ सारखी चिप एसपीआयवर (चिप जोडायच्या आणखी एका पद्धतीवर) लावायची, आठ चॅनेल, १० बिट, पण एसपीआय चालू केलं की जीपीआयओ ७ ते ११ गेल्या, तेव्हा बाकीचं वायरिंग त्या सोडूनच करा. मी त्या पाच मोकळ्या ठेवल्यात, चिप अजून लावलेली नाही, दोन फ्लोटवर भागतंय.